खेळण्यातल्या यंत्रमानवाला क्रोमची झळाळी

खेळण्यातला यंत्रमानव आपल्या मनासारखा रंगवण्याचा छंद काही मुलांना असतो. चिलखत क्रोमसारखे चमकावे म्हणून ती त्याला साधा चंदेरी रंग लावतात. वाळल्यावर ते राखाडी दिसते. रंगात ॲल्युमिनिअमची पूड असूनही असे का व्हावे?

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. पृष्ठभागाचा उंचसखलपणा याहून बराच कमी असेल, तरच प्रकाशाचे नियमित परावर्तन होऊन प्रतिमा दिसते. चंदेरी रंगातले चपटे कण कित्येक मायक्रोमीटर रुंद असतात आणि वेडेवाकडे पडतात. प्रत्येक कण म्हणजे चिमुकला आरसाच. पण तोंडे निरनिराळ्या दिशांना असल्याने प्रकाश विखुरतो.

खेळण्यांवरचे ‘क्रोम’ बहुधा क्रोमिअम नसतेच! कारखान्यात प्लॅस्टिकवर आधी गुळगुळीत लॅकर चढवतात. मग निर्वात कक्षात ॲल्युमिनिअमची वाफ करतात. ती थंड प्लॅस्टिकवर गोठते. हा थर सुमारे ०.१ मायक्रोमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो. तो खालचे ओरखडे बुजवू शकत नाही. म्हणजे झळाळी ठरते ती धातूखालच्या थरावर.

घरीही हेच तत्त्व वापरावे. भाग बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासून धुवावा. त्यावर चकचकीत काळा रंग द्यावा. ओला रंग पृष्ठताणामुळे सपाट होतो व ओरखडे भरून काढतो. तो पूर्ण वाळल्यावर क्रोमसाठी मिळणारा अतिसूक्ष्म कणांचा रंग अगदी विरळ फवारावा. विरळ थरातून आत शिरलेला प्रकाश काळा रंग शोषून घेतो, म्हणून प्रतिमा धूसर होत नाही. वरून व्हार्निश द्यायचे तर आधी टाकाऊ तुकड्यावर पाहावे. त्यातल्या द्रावकाने कण विस्कटले, तर पुन्हा राखाडी रंग येतो.

फवारणी मोकळ्या हवेत, मास्क लावून व ज्योतीपासून दूर करावी. खऱ्या क्रोम मुलाम्याचा प्रयोग मात्र शाळेत करू नये. त्यासाठी वापरली जाणारी षट्संयुजी क्रोमिअमची संयुगे कर्करोगकारक आहेत.

वर्गात एवढे करून पाहा. ॲल्युमिनिअमच्या कागदाच्या चकचकीत बाजूत बोटाचे प्रतिबिंब दाखवा. कागद चुरगाळून पुन्हा सपाट करा. धातू तोच, प्रतिबिंब मात्र नाहीसे! असे का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.