फांदीवर लटकलेला थवा आणि आग्यामोहोळ

सीमाभागात मधमाशी दिसली की सरसकट ‘मोहोळ बसलंय’ म्हणतात. पण कोणतं, ते आधी पाहावं. पाण्याच्या टाकीखाली, उंच झाडावर लटकणारं एकच मोठं पोळं असतं आग्या माशीचं. ती पेटीत राहत नाही, आणि चिडली तर लांबवर पाठलाग करते. तिच्या वाटेला न गेलेलंच बरं. पेटीत नांदते ती सातेरी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत ती अनेक समांतर पोळी बांधते.

वसाहत दाटली की जुनी राणी निम्म्याच्या आसपास कामकरी माश्या घेऊन बाहेर पडते आणि थवा फांदीवर घोसासारखा लटकतो. राखायला पिल्लं नाहीत, पोट मधानं भरलेलं. म्हणून तो बहुधा शांत असतो. टेहळ्या माश्या नाचून नव्या जागेची दिशा आणि अंतर सांगतात. जागा ठरली की थवा उडतो. लोक मात्र तोवर धूर, रॉकेल घेऊन धावलेले असतात!

सीमाभागातल्या निपाणीच्या तंबाखूचा माशीला चारा म्हणून फारसा उपयोग नाही. पानं भरावीत म्हणून शेतकरी शेंडाच खुडतो, मग फूल कुठलं? तिचा खरा चारा खानापूर-जांबोटीच्या रानात आणि घाटमाथ्यावर: जांभूळ, हिरडा, सात वर्षांनी फुलणारी कारवी. निपाणीहून गारगोटीमार्गे गाठता येणारं भुदरगड तालुक्यातलं पाटगाव तर, महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतर, ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं.