अल्पमोली वाइन आणि गोदाकाठची रसना

वाइन हे धनिकांचे पेय असून तिचा आस्वाद घेण्यासाठी परदेशी भाषा, परदेशी शिष्टाचार आणि जड खिसा या तिन्हींची सोय आधी करावी लागते, असा जो समज आपल्याकडे, आणि परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या कापूस, सोयाबीन व ज्वारीच्या काळ्या रानांनी वेढलेल्या गावांत तर विशेषच, दृढमूल होऊन बसला आहे, तो इतिहासाला धरून नाही आणि व्यवहारालाही धरून नाही.

इतिहासाची साक्ष प्रथम काढू. पूर्णा तालुक्यातील ताडकळस ज्या गोदावरीच्या खोऱ्यात वसले आहे, त्या खोऱ्याची आणि द्राक्षमद्याची ओळख फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासवर्णनात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाची जी यादी आहे, तीत इटलीचे, लाओडिकियाचे आणि अरबस्तानचे मद्य नोंदलेले असून त्यातही इटलीच्या मद्याला अधिक मागणी असल्याचे म्हटले आहे. आणि त्याच ग्रंथात पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन बाजारपेठांचा माल गाड्यांत भरून भडोचला जात असल्याचाही उल्लेख येतो. नेवाशाच्या उत्खननात मद्य वाहून नेण्याच्या परदेशी कुंभांचे तुकडे सापडले, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर इराणी वेषातील व्यक्तींच्या मद्यपानाचे दृश्य रंगविलेले आहे, आणि चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने तेथील द्राक्षवेलींना वर्षातून दोनदा फळ येते अशी नोंद करून ठेवली. पुढे निजामाच्या अमलात मात्र सामान्य रयतेच्या वाट्याला आली ती मोहाची दारू आणि शिंदी, ज्यांच्या गुत्त्यांतून आबकारी खात्याच्या खजिन्यात महसुलाची मोठी भर पडत असे. द्राक्षाच्या मद्याशी या मुलखाचा संबंध जवळजवळ तुटला.

तो पुन्हा जुळला आपल्याच राज्यात. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन तयार करून ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी पाठविली, राजीव सामंत यांच्या नाशिकच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर करून करसवलती दिल्या, सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या परिसरात इटालियन भागीदारांसह ‘फ्रातेल्ली’ ही वाइनरी उभी राहिली, आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. युरोपात द्राक्षांची तोडणी सहसा सप्टेंबर-ऑक्टोबरात होते; आपल्याकडे बागाइतदार एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुमारास अशी दोनदा छाटणी करून, दिवसा ऊन आणि रात्री गारवा असलेल्या जानेवारी ते मार्च या काळात फळ हाती घेतो. हे फळ आपल्या ओळखीच्या टपोऱ्या, बिनबियांच्या थॉम्पसन द्राक्षाहून निराळे, म्हणजे लहान, बियांचे आणि जाड सालीचे असते, कारण वाइनचा रंग आणि तिचा तुरटपणा मुख्यतः साल व बी यांतूनच येतो.

आता व्यवहाराकडे वळू. चिली, स्पेन, अर्जेंटिना किंवा दक्षिण आफ्रिका या देशांत जी बाटली तेथील मजुरालाही सहज परवडते, तीच आपल्याकडे चैनीची वस्तू ठरते याचे मुख्य कारण जकात आहे. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षे १५० टक्के आयातशुल्क चालत आले. म्हणजे चार डॉलरची बाटली बंदरातून बाहेर पडतानाच दहा डॉलरची होते, आणि राज्याचे कर व व्यापाऱ्यांचा नफा त्यावर चढतो तो वेगळाच. २०२२ च्या अखेरीस अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात हे शुल्क उतरविण्यात आले खरे, परंतु ती सवलत पाच डॉलरहून अधिक आयातमूल्याच्या बाटल्यांपुरतीच राखली गेली, त्यामुळे ज्याला खरोखर स्वस्त म्हणावे तो माल जेथल्या तेथेच राहिला. म्हणून मराठवाड्यातील वाचकाने अल्पमोली वाइन शोधावी ती नाशिक-अकलूजकडची. आणि जगाची ओळख करून घ्यायची तर परदेशातून गावी येणाऱ्या आप्ताला, प्रवाशास विनाशुल्क आणता येणाऱ्या दोन लिटरांत, अर्जेंटिनाची तांबडी माल्बेक, पोर्तुगालची हलकी, आंबूस विन्यो व्हेर्दे किंवा दक्षिण आफ्रिकेची पांढरी शेनिन ब्लां यांसारखी साधी बाटली आणावयास सांगावे. शेनिन ब्लां नाशिकलाही होते, आणि एकाच द्राक्षाच्या दोन मुलखांतील वाइन शेजारी ठेवून चाखण्याने जे शिक्षण होते, ते दहा पुस्तके वाचून होत नाही.

स्वस्त म्हणजे हिणकस, ही शंका येथे उपस्थित होणारच. चवीचा निवाडा नाव, रंग आणि किंमत यांवरही ठरतो, हे दाखवून तिचे निरसन करणारे पुरावे पाश्चात्त्यांनीच गोळा केले आहेत. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबले झाकून चव घेतली तेव्हा तांबड्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही वर्गांत नामांकित फ्रेंच वाइनना मागे सारून कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्याच वाइनमध्ये तांबडा रंग मिसळून दिला असता त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनला साजेशा शब्दांत केले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात एकच वाइन एकदा दहा डॉलरची आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून पाजली, तर नव्वद डॉलरची अधिक रुचकर लागली, इतकेच नव्हे तर मेंदूतील सुखसंवेदनेशी निगडित भागाची हालचालही वाढलेली आढळली. महाग बाटलीच्या मूल्यात ओक लाकडाची पिंपे, वर्षांची साठवण, जमिनीचा भाव आणि घराण्याचे नाव यांचा वाटा मोठा असतो. पोलादी टाक्यांत थंड तापमानाला आंबवून ताजेपणी पिण्यासाठीच केलेल्या पांढऱ्या वाइनला यांपैकी फारशा कशाची गरज नसते. म्हणून अशी बाटली घेताना लेबलावरचे साल पाहावे आणि शक्य तितके अलीकडचे घ्यावे.

आस्वादाची रीत साधी आहे. देठाच्या पेल्यात तिसऱ्या हिश्श्याइतकी वाइन ओतून आधी रंग पाहावा, मग पेला हलकेच फिरवून वास घ्यावा, आणि लहानसा घोट जिभेवर सर्वत्र खेळवून मग गिळावा. जिभेच्या कडांना पाणी सुटले तर ते आम्लाचे लक्षण. हिरड्या आणि टाळू कच्च्या जांभळाने आवळाव्यात तशा आवळल्या तर ते तुरट द्रव्याचे लक्षण. सुगंधांची नावे मात्र परक्याकडून उसनी घेण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियाच्या प्राध्यापिका अ‍ॅन नोबल यांनी १९८४ साली वाइनच्या सुवासांचे जे प्रसिद्ध चक्र आखले, त्यामागील तत्त्व हेच की, सुवास ओळखावयाचा तो नित्याच्या परिचयातील पदार्थाच्या आधाराने. सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनमध्ये पेरूचा आणि ढोबळ्या मिरचीचा गंध येतो, आणि त्या मिरचीतील गंधद्रव्यच त्या द्राक्षात असते. शिराझ या द्राक्षाच्या तांबड्या वाइनमध्ये काळ्या मिरीचा झणका लागतो, आणि २००८ साली ऑस्ट्रेलियन संशोधकांनी त्याला कारणीभूत असलेले जे रोटंडोन नावाचे द्रव्य शोधले, ते मिरीतही आढळले. काही माणसांच्या नाकाला हा गंध मुळीच जाणवत नाही, तेव्हा शेजारच्याला जे लागते ते आपल्याला लागले नाही म्हणून कोणी संकोचू नये. करवंद, गुलकंद, कैरी, लवंग, पहिल्या पावसाने भिजलेली माती ही ज्याच्या स्मरणात आहेत, त्याचा कोश या कामी पुरेसा समृद्ध आहे.

दोन पथ्ये मात्र आपल्या हवेने आणि आहाराने घातलेली आहेत. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा दंडक अठरा अंशांच्या युरोपीय खोलीसाठी आहे. परभणीच्या उन्हाळ्यात, जेथे पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो, तिलाही अर्धा तास शीतकपाटात ठेवणे अगत्याचे, आणि पांढरी तर आठ-दहा अंशांवरच खुलते. उघडलेली बाटली बूच घट्ट लावून थंड जागी ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. दुसरे पथ्य तिखटाचे: मिरचीचा दाह मद्यार्काने आणि तुरटपणाने अधिकच भडकतो, म्हणून ठेचा-भाकरी किंवा येसराची आमटी यांच्यासोबत भारी तांबडी वाइन न घेता किंचित गोडसर, थंड शेनिन घ्यावी, भाजलेल्या वांग्याचे भरीत असेल तर हलकी तांबडी चालेल, आणि पौष महिन्यात, ज्वारीच्या कोवळ्या हुरड्याबरोबर, शेंगदाण्याच्या चटणीत तिखट बेताचे असल्यास, ताजी सोव्हिन्यों ब्लां उत्तम जमते.

हे सारे सांगताना वाइनमध्येही शेकडा बारा ते चौदा मद्यार्क असतो हे विसरून चालणार नाही. मद्यपानाची अशी कोणतीही मात्रा नाही जी आरोग्यास निर्धोक म्हणता येईल, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. आणि दारूने संसार उद्ध्वस्त झालेली घरे ज्या मुलखात गावोगाव आहेत, तेथे हे बजावणे केवळ उपचाराचे नव्हे. जो पीत नाही त्याने या लेखामुळे पिऊ लागावे असा आग्रह मुळीच नाही. परंतु जो पितो, त्याने झटपट चढणाऱ्या पेयाऐवजी सावकाश चाखण्याचे पेय निवडले आणि एक बाटली चौघांत वाटून जेवणासोबत संपविली, तर त्यात नशेचा अंश घटतो आणि रसिकतेचा वाढतो. शिवाय या कामी अल्पमोली बाटलीच्या अंगी एक असा गुण आहे, जो महागड्या बाटलीला कधीच साधत नाही: जिच्यासाठी ढीगभर नोटा मोजल्या तिची स्तुती करणे प्रतिष्ठेखातर भाग पडते, तर बेताच्या किमतीची वाइन आवडली नाही असे सांगण्याची मोकळीक प्रत्येकाला असते, आणि ही मोकळीक असल्यावाचून कोणाचीही रुची आजवर घडलेली नाही.