गुडघ्याला पट्टी, मनाला काय?

३० ऑक्टोबर २०२५ची रात्र. नवी मुंबईत महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ठेवलेले ३३९ धावांचे लक्ष्य भारताने पार केले. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढा मोठा पाठलाग तोवर कोणत्याच संघाला जमला नव्हता. नाबाद १२७ धावा करणारी मुंबईची जेमिमा रॉड्रिग्स पत्रकारांसमोर बसली आणि धावांऐवजी स्वतःच्या मनाबद्दल बोलू लागली. स्पर्धेच्या सुरुवातीला चिंतेने तिला घेरले होते. सामन्याआधी ती आईला फोन लावून रडायची. त्यातच इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला संघाबाहेर बसावे लागले. सहकारी अरुंधती रेड्डीसमोर तर जवळजवळ रोजच डोळ्यांतून पाणी यायचे. हे सारे जाहीरपणे सांगण्याचे कारणही तिने दिले. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी याच अवस्थेतून जात असेल आणि याविषयी बोलायला कुणालाच आवडत नाही, असे तिचे म्हणणे होते.

त्या वेळी तिने एक नाव घेतले, ते सांगलीकरांच्या घरचे. स्मृती मानधनाला आपली अवस्था ठाऊक होती, असे जेमिमा म्हणाली. नेटमध्ये सराव चालू असताना स्मृती येऊन नुसती उभी राहायची. फार बोलायची नाही. पण तिचे तिथे असणे पुरेसे होते. तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, भारताने विश्वचषक जिंकला आणि सांगलीत जल्लोष झाला. त्या जल्लोषात स्मृतीच्या या नुसत्या उभे राहण्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

लाल मातीतली शिकवण

सातारा आणि सांगली हे जिल्हे खेळाडू घडवणारे. हेलसिंकीत १९५२ साली कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने उचलली.

या मातीत मुलाला पहिल्या दिवसापासून सोसायला शिकवतात. पहाटे उठायचे, जोर-बैठका मारायच्या, कान मोडले तरी हूं की चूं करायचे नाही. अंगाच्या कणखरपणासाठी ही शिकवण मोलाची आहे. पण तीच शिकवण मनाला लावली की घोटाळा होतो. खांदा निखळला तर पैलवान वस्तादांना सांगतो. रात्र रात्र झोप लागत नाही, आखाड्यात उतरायच्या विचारानेच छाती धडधडते, हे तो कुणाला सांगत नाही. सांगितलेच तर ‘पैलवान गडी असून घाबरतोस?’ हे उत्तर त्याला आधीच माहीत असते. मुलींच्या बाबतीत आणखी एक भीती असते. मानसोपचार तज्ज्ञाकडे गेल्याचे गावात कळले तर लग्न कसे जमणार? मग कुणी दृष्ट काढते, कुणी उतारा टाकते, आणि उपचाराचे महिने वाया जातात.

खाशाबांची गोष्ट या दोन्ही जिल्ह्यांत पोराटोरांना पाठ आहे. प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकले, परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळे सांगतात. पदक मिळवूनही पुढे त्यांची उपेक्षा झाली आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. त्या मधल्या वर्षांत त्यांच्या मनावर काय गुजरले असेल, हा प्रश्न मात्र त्या गोष्टीत कुठे येत नाही.

पदकानंतरची पोकळी

मन खचते ते हरणाऱ्याचेच, असा एक समज आहे. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. आयुष्यातला सर्वांत मोठा मानसिक पेच त्यानंतरच आला, असे त्याने सांगितले आहे. जन्मभराचे ध्येय गाठले, आता उद्या सकाळी उठायचे कशासाठी? २०१४च्या इंग्लंड दौऱ्यात आपण नैराश्यातून गेलो, असे विराट कोहलीने पुढे मोकळेपणाने सांगितले. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियोत सांघिक अंतिम फेरी चालू असतानाच बाहेर पडली, कारण हवेत गिरकी घेताना तिला शरीराचे भान राहत नव्हते. तिच्यावर टीका झाली. तिने उपचार घेतले, विश्रांती घेतली आणि २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदके जिंकली.

कुस्तीत वजनाचाही ताण असतो. वजन उतरवण्यासाठी उपाशी राहणे आणि पाणी तोडणे याचा परिणाम मनावरही होतो. पॅरिसमध्ये केवळ १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने विनेश फोगट अंतिम लढतीआधी अपात्र ठरली, तेव्हा हा ताण साऱ्या देशाने पाहिला.

तिरंदाजीने या बाबतीत वेगळी वाट धरली आहे. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये, वयाच्या १७व्या वर्षी, बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवल्यापासून जिल्ह्यातल्या अनेक घरांना हा खेळ ठाऊक झाला. नेम धरताना मन गोंधळते आणि बाण वेळेआधी सुटतो किंवा सुटतच नाही, या अडचणीला जगभरचे तिरंदाज ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. प्रशिक्षक त्यावर सरावात उपाय करतात, जसा धनुष्याच्या दोरीवर करतात तसाच. अडचणीला नाव मिळाले की तिची लाज कमी होते.

घरादाराची आशा

आपल्याकडे खेळाडू एकटा खेळत नाही. त्याच्या खुराकासाठी घरच्यांनी म्हैस विकलेली असते, सोसायटीचे कर्ज काढलेले असते. पदक आले तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, ही आशा असते. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावणाऱ्या मुलाचेही तसेच. काही सेकंदांनी हुकले की वर्ष जाते आणि वयाची अट जवळ येते. चौकात ‘काय झालं रे भरतीचं?’ असे विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण दहाव्यांदा तेच ऐकणारा मुलगा मग चौकात यायचेच टाळतो.

स्पर्धेआधीची धाकधूक हा आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक बिघडणे, आवडत्या खेळातही मन न लागणे, सतत चिडचिड, मित्रांपासून तुटणे, व्यसनाकडे वळणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवावे.

रोजे आणि औषधे

रमजानमध्ये अनेक मुस्लिम मुले-मुली रोजे ठेवून सराव करतात. पहाटेची सहेरी आणि रात्रीची तरावीह यांत झोपेचे तुकडे होतात, आणि अपुऱ्या झोपेने मन लवकर थकते. प्रशिक्षकांनी सरावाची वेळ आणि भार थोडा बदलला तर मुलांना सोपे जाते. नैराश्य किंवा चिंतेवर औषध चालू असेल तर ते रोज्यासाठी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना विचारून वेळा ठरवाव्यात. काही औषधे चालू असताना शरीरातले पाणी कमी होणेही धोक्याचे असते. आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुरआननेच दिली आहे, आणि मनाचा आजार हाही आजारच. नवरात्राचे किंवा श्रावणाचे उपवास करणाऱ्या खेळाडूंनीही औषधांबाबत हीच काळजी घ्यावी.

मदत जवळ आहे

केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मोफत मिळते. मराठीतही बोलता येते. सरकारी रुग्णालयांतही मानसोपचाराची सोय असते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळण्याचा आणि आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे कुणी बोलले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत गाठावी.

हरून आलेल्या मुलाला घरात पहिला प्रश्न निकालाचा नको. ‘जेवलास का? झोप लागते का?’ एवढे विचारले तरी बोलायला वाट मिळते. आणि तालमीत वस्तादांचा शब्द कुणी मोडत नाही. गुडघा दुखणाऱ्याला ते जसे चारचौघांत ‘डॉक्टरला दाखवून ये’ म्हणतात, तसेच मन दुखणाऱ्यालाही म्हणाले, तर बाकीच्या पोरांची भीड आपोआप मोडेल.