बॅटरीला वॉरंटी नसते, हे कुणी ठरवलं?

गाडीला वर्षही झालेलं नसतं. सकाळी चावी फिरवली की नुसतं टक-टक ऐकू येतं. जंप स्टार्ट करून गाडी कशीबशी सर्व्हिस सेंटरला नेली की काउंटरवरून उत्तर मिळतं, "बॅटरी कन्झ्युमेबल आहे साहेब, ती वॉरंटीत येत नाही." हे वाक्य मी पुण्यात ऐकलंय, नाशकात ऐकलंय, नागपूरच्या नातेवाइकांकडून फोनवर ऐकलंय. पुढचं सगळं ठरलेलं असतं. ग्राहक हळहळतो, खिशातून पैसे काढतो, नवी बॅटरी बसवून घेतो आणि जुनी तिथेच सोडून घरी येतो. हे वाक्य बहुतेक वेळा खोटं असतं आणि तरीही ते खपून जातं, याचा मला राग येतो.

गाडीबरोबर मिळालेली वॉरंटी पुस्तिका उघडून पाहा. झिजणाऱ्या वस्तूंची यादी त्यात वेगळी असते. वायपर ब्लेड, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, फिल्टर, इंजिन ऑइल अशा वस्तू तिथे दिसतील. बॅटरीचा उल्लेख बऱ्याच पुस्तिकांमध्ये दुसऱ्याच कलमात असतो. टायर, बॅटरी यांसारख्या भागांची हमी त्या त्या उत्पादकाकडून मिळेल, अशा अर्थाचं ते कलम असतं. काही कंपन्या बॅटरी आपल्याच वॉरंटीत घेतात, पण तिची मुदत कमी ठेवतात. दोन्ही प्रकारांत बॅटरीला हमी आहेच. ती कुणी द्यायची आणि किती महिने द्यायची, एवढाच प्रश्न उरतो. "आमच्या वॉरंटीत नाही" आणि "वॉरंटीच नाही" या दोन विधानांत पाच-सहा हजार रुपयांचा फरक आहे आणि काउंटरवर तो फरक सांगितला जात नाही.

हा मुद्दा लावून धरला की दुसरं उत्तर येतं, "मग तुम्ही बॅटरी कंपनीकडे जा." क्लेमची पद्धत तशी असू शकते, आणि कधीकधी ते सोयीचंही असतं, कारण बॅटरी कंपनीचा अधिकृत विक्रेता तपासणी लवकर करून देतो. पण गाडीचं बिल डीलरने दिलेलं असतं आणि बॅटरी त्या गाडीचाच भाग म्हणून विकलेली असते. सदोष मालाबद्दलची तक्रार ज्याने माल विकला त्याच्याविरुद्धही करता येते, हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्ट आहे. बॅटरी कंपनीचा पत्ता हातात दिला म्हणून डीलर मोकळा होत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यांत फसवं आहे, कारण त्यात थोडं तथ्य असतं. "बॅटरी खराब नाही, डिस्चार्ज झालीय. तुम्ही गाडी वापरत नाही." इथे बॅटरीचं काम थोडं समजून घ्यावं लागेल.

१२ व्होल्टच्या नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात आणि पूर्ण चार्ज झालेला प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणून इंजिन बंद करून काही तास ठेवलेली निरोगी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आकडा १२ च्या खाली गेला असेल तर ती जवळपास रिकामी आहे. रिकामी असणं म्हणजे बिघाड असणं नव्हे, इथपर्यंत सर्व्हिस ॲडव्हायझरचं बरोबर आहे. पण रिकाम्या बॅटरीला टेस्टर लावून "सदोष" किंवा "ठीक" असा निकाल देताच येत नाही. ती आधी पूर्ण चार्ज करावी लागते, थोडा वेळ तशीच ठेवावी लागते आणि मग लोड टेस्ट किंवा कंडक्टन्स टेस्टरची चाचणी घ्यावी लागते. स्लिप देणारे टेस्टर अशा वेळी स्वतःच "चार्ज करून पुन्हा तपासा" असं छापतात. पूर्ण चार्ज देऊनही बॅटरी साडेदहा व्होल्टच्या आसपास अडकली, तर बहुधा सहापैकी एक सेल निकामी झालेला असतो. तो आतला दोष आहे. गाडी कमी चालवल्याने एकटा सेल असा मरत नाही.

चार्ज दिल्यावर बॅटरी ठणठणीत निघाली, तर ती उतरली का, हे शोधायला हवं. याची कारणं मोजकीच आहेत. इंजिन चालू असताना अल्टरनेटरने साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट द्यायला हवेत. ते मिळत नसतील तर दोष गाडीच्या चार्जिंगमध्ये आहे. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, कंप्युटर थोडा करंट घेतात. तो सहसा ५० मिलिॲम्पिअरच्या आत राहतो. त्याहून बराच जास्त करंट जात असेल आणि तुम्ही बाहेरून काही जोडलेलं नसेल, तर दोष गाडीच्या वायरिंगमध्ये किंवा एखाद्या मॉड्यूलमध्ये आहे. हे दोन्ही दोष गाडीच्या मूळ वॉरंटीत येतात आणि त्यांच्यासाठी डीलर तुम्हाला बॅटरी कंपनीकडे पाठवूच शकत नाही. म्हणजे सेल मेला असेल तर बॅटरीची हमी लागू होते आणि चार्जिंग बिघडलं असेल तर गाडीची. नकार देण्यापूर्वी डीलरने या दोन्ही तपासण्या केल्या का, हे विचारा. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत त्याने एकही केलेली नव्हती. नुसत्या नजरेने ठरवलेलं होतं.

मालकाच्या बाजूनेही चूक होते, हे सांगितलंच पाहिजे. आठवडेच्या आठवडे उभी राहिलेली गाडी, रात्रभर जळत राहिलेला आतला दिवा, रोज दोन किलोमीटरच्या फेऱ्या आणि त्यात एसी. बॅटरी रिकामीच पडून राहिली की आतल्या प्लेट्सवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि तिची क्षमता कायमची घटते. बहुतेक वॉरंटी कार्डांत असं नुकसान वगळलेलं असतं आणि तिथे डीलरचा नकार योग्य ठरतो. विदर्भातल्या उन्हाळ्याचं मात्र तसं नाही. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं हे खरं, पण नागपूरला विकलेल्या बॅटरीने नागपूरचं ऊन सोसायचंच असतं. मुदतीत बिघडलेल्या बॅटरीसाठी हवामान हे कारण मान्य करू नका.

"बाहेरून डॅशकॅम बसवलात, वॉरंटी गेली" हाही धाक सरसकट दाखवला जातो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात याला स्पर्श केला आहे. सुट्या भागांच्या मक्तेदारीबद्दलच्या त्या प्रकरणात आयोगाने सांगितलं की, बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतलं एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालता येणार नाही आणि बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्यांनी त्या आदेशाला आव्हान दिलं, त्यामुळे तो एकटा हत्यार म्हणून पुरेसा नाही. पण त्यातला प्रश्न तुम्ही काउंटरवर जरूर विचारा: डॅशकॅममुळे बॅटरी गेली, हे कोणत्या मोजमापावरून म्हणता? वायर कापून जोडकाम केलेलं असेल आणि करंट तिथूनच जात असेल, तर डीलरचं म्हणणं खरं ठरेल. तसं नसेल तर त्याला उत्तर देता येणार नाही.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात. वॉरंटीत बदलून मिळालेल्या बॅटरीला नव्याने पूर्ण मुदत मिळते, हा समज सहसा चुकीचा ठरतो, कारण मूळ मुदतीतले उरलेले महिनेच मिळतात. दुकानातून घेतलेल्या बॅटरीवरचे "३०+३०" महिने म्हणजे साठ महिने फुकट बदली नव्हे. पहिल्या तीस महिन्यांत मोफत बदली असते आणि नंतरच्या तिसात नव्या बॅटरीच्या किमतीवर घटती सूट. इलेक्ट्रिक गाडीची आठ वर्षांची हमी तिच्या मोठ्या बॅटरी पॅकची असते. त्याच गाडीतल्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीची मुदत वेगळी आणि बरीच कमी असते. टॅक्सी चालवणारा "ग्राहक" नसतो, हेही खोटं आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या गाडीला कायद्याने संरक्षण दिलेलं आहे. तक्रारीला वकील लागतोच असं नाही. आणि तक्रार गाडी घेतली त्याच शहरात करावी लागते, हा समज जुन्या कायद्यातला आहे. आता तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही ती चालते.

भांडण कागदावर उभं राहतं. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी आधी तक्रारदारावर असते, म्हणून जॉब कार्डावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. टेस्टरची स्लिप मागा. बॅटरीचा सीरियल नंबर आणि तारखेचा कोड यांचा फोटो काढा. नकार लेखी मागा. देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल करून काय सांगितलं गेलं ते नोंदवा. पैसे भरून नवी बॅटरी घ्यावीच लागली, तर वाद मिटेपर्यंत जुनी त्यांच्या ताब्यात देऊ नका. ती तुमचा पुरावा आहे आणि गरज पडली तर आयोग ती प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो.

तक्रारीत डीलर, गाडीची कंपनी आणि बॅटरीची कंपनी या तिघांनाही सामनेवाले करा. गोव्यातल्या एका खटल्यात जुनी गाडी नव्या मॉडेलची म्हणून विकल्याचा आरोप होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, डीलरच्या कृत्याचं कंपनीला ज्ञान होतं हे सिद्ध झाल्याखेरीज तिला जबाबदार धरता येत नाही, कारण दोघांचा व्यवहार स्वतंत्र पक्षांमधला होता. एकालाच पक्ष केलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटायला त्याला वाट मिळते.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, कारण पाच-सहा हजारांसाठी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला वाद वाढवायचा नसतो. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि त्यापुढे ५० लाखांपर्यंतही ते हजार रुपयांच्या वर जात नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. नकार ज्या दिवशी मिळाला, ती तारीख लिहून ठेवा.