निवृत्त जवानांची पदवी : संस्था चर्चची, शिक्का विद्यापीठाचा

चाकण, महाळुंगे, तळवडे किंवा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या प्रवेशद्वारावर माजी सैनिक हमखास भेटतो. सतराव्या-अठराव्या वर्षी भरती झालेला जवान पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर पस्तिशीत निवृत्त होतो. नाईक वा हवालदाराच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला, तर चाळिशीच्या आसपास बाहेर पडतो. देशभरात दरवर्षी सुमारे ६० हजार सैनिक असे सेवामुक्त होतात. मुले शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात आणि निवृत्तिवेतनात सगळे भागत नाही. त्यामुळे देहूरोड, दिघी, मोशी, तळेगाव परिसरात स्थायिक झालेली अनेक सैनिक कुटुंबे दुसऱ्या नोकरीसाठी या पट्ट्याकडे पाहतात. तेथे पहिला प्रश्न विचारला जातो तो शिक्षणाचा. माणसांची तुकडी सांभाळलेला हवालदार दहावी वा बारावी उत्तीर्ण असल्यामुळे सुरक्षारक्षक होतो. पर्यवेक्षकाच्या, भांडार विभागाच्या किंवा मनुष्यबळ विभागाच्या जागेसाठी मात्र पदवीधर हवा असतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी जवान आणि त्याची पत्नी जे मार्ग शोधतात, त्यांत ख्रिस्ती संस्थांचा मार्गही आहे. महाराष्ट्रात या संस्थांचे शैक्षणिक कार्य जुने आणि नावाजलेले आहे. अमेरिकेत तर सैनिक, निवृत्त सैनिक आणि त्यांच्या पत्नी चर्चप्रणीत विद्यापीठांतून मोठ्या संख्येने पदव्या घेतात. ‘श्रद्धेच्या वातावरणात, घरबसल्या पदवी’ अशा धर्तीच्या जाहिराती आता इंटरनेटवरून येथील घरांतही पोहोचतात. अशा वेळी पदवी नेमकी कोण देते आणि ती कोठे चालते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

समकक्षता म्हणजे पदवी नव्हे

मॅट्रिक उत्तीर्ण किंवा लष्कराचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र असलेल्या आणि किमान १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या ‘गट क’मधील, माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या पदांकरिता पदवीधराच्या बरोबरीने पात्र धरता येते. मात्र त्या पदासाठी तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता अनिवार्य नसावी लागते. पुनर्नियुक्तीच्या १९७९ च्या नियमांत ही तरतूद आहे. सेवेच्या अखेरीस हाती पडणाऱ्या प्रमाणपत्राला अनेक जवान बोलताना ‘ग्रॅज्युएशन’ म्हणतात, ते या तरतुदीमुळेच.

सरकारी नोकरीच्या दृष्टीने या प्रमाणपत्राचे मोल मोठे आहे. पण ते विद्यापीठाचे पदवीपत्र नाही. चाकणच्या खासगी कारखान्यावर ते मान्य करण्याचे बंधन नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, बी.एड.ला किंवा पदवीनंतरच्या कायद्याच्या शिक्षणाला विद्यापीठाची खरी पदवीच लागते. शिवाय या समकक्षतेचा जवानाच्या पत्नीला काहीही उपयोग नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदली होत राहिल्याने जिचे शिक्षण अर्धवट राहिले, तिच्या त्या वर्षांची नोंद कोणत्याही प्रमाणपत्रावर होत नाही.

पदवी देण्याचा अधिकार कोणाला?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नुसार भारतात पदवी देण्याचा अधिकार केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. महाविद्यालय शिकवते, पदवी विद्यापीठ देते. लष्करही या नियमाला अपवाद नाही. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातील अधिकाऱ्यांना आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्रांना मिळणाऱ्या पदव्या दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या असतात. दिघीच्या टेकडीवर १९९४ मध्ये सुरू झालेली आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. मात्र ती सैनिकांच्या मुलांसाठी आहे, स्वतः सैनिकांसाठी नाही.

ख्रिस्ती संस्थांनाही हाच नियम लागू आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगरला केंद्र उभारले. तेथे सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांच्याच संस्थेत घेतले. त्याच लष्करी छावणीच्या शहरात डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज स्थापन केले. शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. संस्थेची प्रेरणा ख्रिस्ती असली, तरी विद्यार्थ्याच्या हाती पडते ती पुणे विद्यापीठाची पदवी. मुंबईच्या विल्सन आणि सेंट झेवियर्स या महाविद्यालयांची जडणघडणही मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली झाली.

खडकीलगत औंध मार्गावरील स्पायसर संस्थेचे उदाहरण थोडे वेगळे आहे. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची ही संस्था १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झाली आणि १९४० च्या दशकात पुण्यात आली. राज्य विधिमंडळाच्या कायद्याने २०१४ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि स्वतःच्या नावाने पदवी देण्याचा अधिकार आला. म्हणजे येथेही पदवीमागे उभा आहे तो विधिमंडळाचा कायदा.

धर्मशास्त्राच्या शिक्षणाचा प्रकार आणखी निराळा आहे. बिबवेवाडीतील युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यात आली. ती सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहे. सेरामपूरचा पदवीदानाचा अधिकार डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये दिलेल्या सनदेपर्यंत मागे जातो. नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठ हे कॅथलिक धर्मगुरूंच्या शिक्षणाचे केंद्र आहे. या पदव्यांचा मुख्य उपयोग चर्चच्या सेवेत होतो. सैन्यात ‘पाद्री’ म्हणून धर्मशिक्षकाची नेमणूक मिळवण्यासाठीदेखील दीक्षा आणि स्थानिक बिशपच्या मान्यताप्राप्त यादीतील नाव यांच्याबरोबर सर्वसाधारण पदवी लागते. श्रद्धेच्या क्षेत्रातील नोकरीलाही जर विद्यापीठाची पदवी हवी असेल, तर कारखान्यातील नोकरीला ती लागणार हे उघड आहे.

धर्माची सक्ती होते का?

ख्रिस्ती संस्थेत शिकल्यास धर्मांतराचा आग्रह होईल, अशी शंका काही कुटुंबांत असते. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर कलम २८(३) ने विद्यार्थ्याला संरक्षण दिले आहे. राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. प्रार्थना हा संस्थेच्या जीवनाचा भाग असू शकतो. परीक्षेत उत्तीर्ण होण्याची अट होऊ शकत नाही.

अमेरिकेतील वाट येथे का चालत नाही?

अमेरिकेने १९४४ मध्ये ‘जीआय बिल’ हा कायदा केला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे २२ लाख सैनिकांनी त्याचा आधार घेऊन महाविद्यालयीन शिक्षण घेतले. पैसा सरकारचा आणि संस्थेची निवड सैनिकाची, असे त्याचे सूत्र होते. त्यामुळे चर्चप्रणीत महाविद्यालयांनाही हे विद्यार्थी मिळाले. २००९ पासून लागू झालेल्या सुधारित योजनेत ठरावीक सेवेच्या अटीवर सैनिकाला आपला शिक्षणलाभ पत्नीच्या वा मुलांच्या नावे करता येतो. व्हर्जिनियातील लिबर्टी विद्यापीठासारख्या ख्रिस्ती संस्थांत ऑनलाइन शिकणाऱ्या सैनिक कुटुंबांची संख्या वाढली, त्यामागे हे आर्थिक गणित आहे.

भारतीय जवानाला असा लाभ नाही. त्याने परदेशी विद्यापीठात प्रवेश घेतला, तर शुल्क स्वतःच भरावे लागते आणि पदवीला येथे समकक्षता मिळते का, हेही आधी तपासावे लागते. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. त्याहून मोठा धोका बनावट संस्थांचा आहे. आयोगाने प्रसिद्ध केलेल्या बनावट विद्यापीठांच्या २०२३ च्या यादीत गुंटूरचे ‘क्राइस्ट न्यू टेस्टामेंट डीम्ड युनिव्हर्सिटी’ आणि विशाखापट्टणमचे ‘बायबल ओपन युनिव्हर्सिटी ऑफ इंडिया’ ही नावे होती. त्याच यादीत नागपूरचे ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’ही होते. धर्माचे नाव घेतले म्हणजे मान्यता मिळाली असे होत नाही, मग तो धर्म कोणताही असो. अशा कागदावर मिळालेली नोकरी पडताळणीत जाते. भरलेले पैसे आणि गेलेली वर्षे परत येत नाहीत.

उपलब्ध मार्ग

पाळीत काम करणाऱ्याला दररोज वर्गात बसणे शक्य नसते. त्याच्यासाठी १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजेच ‘इग्नू’ आणि १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे खात्रीचे मार्ग आहेत. नाशिकच्या विद्यापीठात मराठीतून शिकता येते, ही गावाकडे शिकलेल्या पत्नीच्या दृष्टीने मोठी सोय आहे. इग्नूने अग्निवीरांसाठी २०२२ मध्ये तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी जाहीर केली. तिच्यातील निम्मे श्रेयांक सैन्यातील प्रशिक्षणाचे धरले जातात आणि उरलेले निम्मे भाषा, अर्थशास्त्र, वाणिज्य अशा विषयांच्या अभ्यासाचे असतात. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात आणि त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच पुढे सेवेत घेण्याची तरतूद आहे. विशी-पंचविशीतील हे तरुण चाकणच्या दारात येतील, तेव्हा त्यांच्या हाती ही पदवी असणे महत्त्वाचे ठरेल.

निवृत्तीपूर्वीच्या काळात पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम जवानांना विनाशुल्क मिळतात. पण ते प्रमाणपत्राचे असतात, पदवीचे नसतात. माजी सैनिकांची मुले आणि दिवंगत सैनिकांच्या पत्नी यांच्यासाठी व्यावसायिक पदवीकरिता पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार तिची रक्कम मुली व महिलांसाठी दरमहा ३,००० रुपये आणि मुलांसाठी २,५०० रुपये झाली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या योजनांची माहिती मिळते.

प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पदवीपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे नाव येणार, हे संस्थेकडून लेखी घ्यावे. ते विद्यापीठ आयोगाच्या यादीत आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर पडताळावे. आणि अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन असेल, तर त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे पाहावे. विद्यापीठ खरे असूनही अभ्यासक्रम अमान्य असू शकतो. चांगली संस्था, मग ती चर्चची असो, रयतेची असो वा सरकारची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे विनासंकोच देते.

एक उणीव मात्र राहतेच. दिवंगत सैनिकाच्या पत्नीसाठी शिष्यवृत्ती आहे, मुलांसाठी महाविद्यालय आहे, अग्निवीरासाठी श्रेयांक आहेत. हयात माजी सैनिकाच्या पत्नीचे, बदल्यांत वाहून गेलेले शिक्षण पूर्ण करून देणारा हक्क येथे अद्याप कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. भोसरी-चाकणच्या वाढत्या खर्चात दुसरा पगार बहुधा तिचाच असतो. त्यासाठी लागणारी पदवी तिला आजही स्वतःच्या हिमतीवर आणि स्वतःच्या पैशाने मिळवावी लागते.