विजयच्या हातातली बंदूक

उंबरमाळी हे मध्य रेल्वेवरचे खर्डी आणि कसारा यांच्यामधले लहानसे स्टेशन. मुंबईची तहान भागवणारी धरणे याच शहापूर तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात! या पट्ट्यात, तिकडे मुरबाडपर्यंत, 'ठाकूर' म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो डोंगरउतारावर नाचणी-वरई पिकवणारा आदिवासी. याच माणसाने जत्रेतल्या तंबूत 'शोले' पाहिला तेव्हा पडद्यावरचा ठाकूर त्याला कसा दिसला असेल? हवेली त्याची, गाव त्याच्या शब्दात, नोकर त्याच्या दारात. शब्द एकच, माणूस मात्र नेमका उलटा. त्या ठाकुराचे हात गब्बरने तोडले, म्हणून तो दोन चोरांचे हात पैसे मोजून विकत घेतो. त्यातल्या एकाचे नाव जय. म्हणजे अमिताभ बच्चन.

१९७५ हे साल अमिताभच्या हातातल्या बंदुकीचे साल. जानेवारीत 'दीवार' आला, १५ ऑगस्टला 'शोले'. दोन्ही सलीम-जावेद यांनी लिहिलेले. 'दीवार'मधला विजय मुंबईच्या गोदीत हमाली करणारा, कामगार पुढाऱ्याचा मुलगा. बिल्ला क्रमांक ७८६. त्याच्यावर झाडलेली गोळी हा बिल्ला अडवतो तेव्हा गोदीतला, गिरणीतला, झोपडपट्टीतला प्रेक्षक शिट्ट्या मारतो. का मारणार नाही? आयुष्यभर मुकादमाची अरेरावी सोसलेल्या माणसाला पडद्यावर आपलाच माणूस ताठ उभा राहिलेला दिसला होता.

पण वाचकहो, पुढे काय होते ते पाहा. पोलीस अधिकारी असलेला धाकटा भाऊ निघतो, आई त्याला आशीर्वाद देते आणि त्याच्या गोळीने थोरला मरतो. 'शोले'मध्ये जय पुलावरची सुरुंगाची दारू गोळीने उडवतो आणि मरतो. जिंकतो ठाकूर. मूळ शेवटात ठाकूरच गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या काळातल्या सेन्सॉरला ते चालले नाही, म्हणून ऐनवेळी पोलीस आणले गेले. पुढे १९९० मध्ये 'अग्निपथ'चा विजय दीनानाथ चौहान आला, मराठी मास्तराचा मुलगा. तोही आईच्या मांडीवर मेला. नाव जय नाहीतर विजय, नशिबी मात्र मरण! गरिबाच्या हाती बंदूक द्यायची, तीन तास टाळ्या घ्यायच्या आणि शेवटच्या रिळात त्याला संपवून व्यवस्था जिथल्या तिथे ठेवायची, हा हिंदी सिनेमाचा जुना हिशेब आहे. १९५७ च्या 'मदर इंडिया'त सावकाराविरुद्ध उठलेल्या बिरजूला तर खुद्द आईच गोळी घालते.

शूटिंगच्या काडतुसात दारू असते, गोळी नसते. 'शोले'च्या वेळी मात्र धर्मेंद्रच्या बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि आपल्या कानाजवळून गेली, असे अमिताभने स्वतःच टीव्हीवर सांगितले आहे. तो थोडक्यात बचावला. आमची माणसे बचावली नाहीत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या वस्तीवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण ठार झाले. त्यांच्यातला कोणी विजय नव्हता, कोणाच्या खिशात गोळी अडवणारा बिल्ला नव्हता. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला सत्र न्यायालयाची जन्मठेप व्हायला २००९ साल उजाडले.

मग आमच्या माणसाने बंदूक कधी धरलीच नाही काय? धरली, आणि सन्मानाने धरली. कोरेगावचा स्तंभ त्याची साक्ष देतो. पुढे इंग्रजांनी लढाऊ आणि बिगर-लढाऊ जातींची वर्गवारी करून महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहून त्याविरुद्ध दाद मागितली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या बोधचिन्हावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आहेत. कृष्णराव आणि सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटमधले. हिंदी पडद्यावर फौजी पुष्कळ येऊन गेले. त्यांत महार रेजिमेंटचा नायक आमच्या तरी पाहण्यात नाही. डाकू चालतो, तस्कर चालतो. गणवेशातला महार मात्र चालत नाही!

आणखी एक गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांनी वाचून ठेवावी. अत्याचार प्रतिबंध कायद्याखालचे १९९५ चे नियम आहेत, त्यातला नियम ३ बंदुकीबद्दलच बोलतो. अत्याचारप्रवण भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्यांचे शस्त्रपरवाने रद्द करता येतात, बेकायदा बंदुका जप्त करायच्या असतात आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला संरक्षणासाठी परवाना देता येतो. ही तरतूद कागदावर आहे. एखाद्या ठाकूरवाडीतल्या माणसाने ती घेऊन कलेक्टर कचेरीची पायरी चढून पाहावी! साहेब आधी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतील.

परवाना मागा म्हणजे गोळ्या झाडा, असे आम्ही म्हणत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडायला सांगितले आणि त्याच भाषणात विभूतिपूजेबद्दलही बजावले. तो इशारा राजकारणापुरता होता. तरी नटाच्या पोस्टरला दुधाचा अभिषेक घालणाऱ्यांनी तो वाचायला हरकत नाही.

अमिताभला आणखी एक विजय मिळाला, २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मध्ये. हा विजय बोराडे नागपुरात झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. भीमजयंतीची मिरवणूक पडद्यावर दणाणते आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे अमिताभ उभा राहतो. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीनंतर तो तिथे पोचला. त्याच्या हातात बंदूक नाही, आणि हा विजय शेवटपर्यंत जिवंत राहतो.