उंच केलेल्या गाडीत जॅक ठेवायचा कुठे?



थंडी सुरू झाली की इथे यूएईत आपल्या लोकांची पावलं वाळवंटाकडे वळतात. फॉसिल रॉक, बिग रेड, हत्ताच्या आसपासच्या वाड्या (वाडी म्हणजे गिरगावातली नव्हे, कोरडं नदीपात्र!), आणि फारच हौस असेल तर लिवा. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गाड्या 'लिफ्ट' करून घेतल्या आहेत, म्हणजे सस्पेन्शन दोन-तीन इंच उंच आणि टायर मोठे. त्याच्या रीतसर परवानगीबद्दल आणि खर्चाबद्दल सगळे बोलतात. जॅकबद्दल कोणी बोलत नाही. आम्हीही बोललो नव्हतो.

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. आम्ही तीन कुटुंबं फॉसिल रॉकला गेलो होतो. एका टेकडीवरून उतरताना खाली गाडीचं नाक जरा जोरात टेकलं. मागून 'धाड्' असा आवाज आला. डिकीत बंजी दोरीने बांधलेला आमचा हाय-लिफ्ट जॅक दोरीतून निसटला होता आणि पुढे घसरून मधल्या सीटच्या पाठीवर आदळला होता. त्या सीटवर आमचे आठ वर्षांचे चिरंजीव बसले होते. त्यांना काही झालं नाही. सीटच्या मागच्या पत्र्याला मात्र वाटीएवढा पोचा आला, तो अजून आहे.

हाय-लिफ्ट म्हणजे तो लांब, लाल-काळा, भोकाभोकांचा जॅक. अमेरिकेत १९०५ पासून बनतो, मूळचा शेतकऱ्यांचा. ४८ इंची जॅकचं वजन साधारण १३ किलो भरतं, म्हणजे भरलेल्या गॅस सिलिंडरच्या जवळपास निम्मं! गाडी ५० च्या वेगात असताना एकदम थांबली, तर गाडी थांबते, पण सुटा जॅक थांबत नाही. तो त्याच ५० च्या वेगाने पुढे येतो. आणि बंजी दोरी ताणली जाते, तेच तिचं काम. वजन धरून ठेवणं हे तिचं काम नव्हेच.

घरी आल्यावर आम्ही सगळं पहिल्यापासून मांडलं, तेव्हा कळलं की जागेच्या आधी कोणता जॅक लागतो हे ठरवायला हवं. इथे बहुतेकांचा (आमचाही) एक गैरसमज असतो: गाडी तीन इंच उंच झाली, म्हणजे कंपनीचा जॅक तीन इंच तोकडा पडला. आमच्या प्राडोला दोन इंचांची लिफ्ट आहे आणि टायर ३१ वरून ३३ इंचांचे केले आहेत. टायरचा व्यास दोन इंच वाढला की चाकाचं केंद्र एकच इंच वर जातं. म्हणजे बॉडी तीन इंच वर गेली, पण मागचा एक्सल फक्त एक इंच. जॅक बॉडीखाली लावलात तर तोकडा पडणारच, कारण बॉडी उचलली तरी एक्सल खाली लोंबत राहतो आणि चाक काही जमीन सोडत नाही. तोच जॅक एक्सलखाली लावला तर आमचा कंपनीचा जॅक, खाली लाकडी फळी ठेवून, आरामात पुरला. पुढे एक्सल नाही, तिथे खालच्या आर्मजवळ गाडीच्या पुस्तकात दाखवलेली जागा बघून घ्यावी.

उलट बाजूही तपासा. इथल्या वाळूत हवा १५ पीएसआयच्या आसपास ठेवून चालवताना टायर रिममधून निसटतो, आपले लोक त्याला 'पॉप-आउट' म्हणतात. तेव्हा एक्सल वाळूच्या इतका जवळ येतो की उंच बाटली-जॅक खाली शिरतच नाही, फावड्याने खड्डा करावा लागतो. त्यामुळे फावडंही जॅकचाच भाग समजा.

आणि आमच्या हाय-लिफ्टचं काय? त्याला पकडायला लोखंडी बम्पर किंवा दाराखालचे मजबूत स्लायडर लागतात. आमच्या गाडीला प्लास्टिकचा बम्पर! म्हणजे जो जॅक आमच्या गाडीला लावताच येत नव्हता, तो आम्ही दोन वर्षं मुलाच्या पाठीमागे घेऊन फिरत होतो. दुकानदाराने विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दिसायला झकास दिसतो ना!

आता जागा. कंपनीने दिलेली जागा, म्हणजे डिकीच्या बाजूच्या पॅनलमागचा किंवा फ्लोअरखालचा कप्पा, आमच्या मते सर्वांत चांगली. तिथे जॅक खाली असतो आणि स्क्रू फिरवून आवळलेला असतो, हलत नाही. अडचण एकच, त्याच्यासमोर आपण कूलर, चटया, पोह्यांचा डबा, खुर्च्या रचतो. एका पॉप-आउटच्या वेळी आमचा अख्खा संसार वाळूवर मांडावा लागला होता. आता त्या पॅनलसमोर फक्त चटया असतात, एका हाताने ओढता येतात. मोठा जॅक घेतला आणि तो कप्प्यात मावत नसेल, तर डिकीच्या तळाशी, मागच्या दाराजवळ, फ्लोअरला बोल्टने बसवलेल्या पेटीत ठेवा. निदान सामान बांधायच्या कड्यांना रॅचेट पट्टा लावून आवळा. सीट-बेल्टचे बोल्ट मात्र यासाठी काढू नका.

बाटली-जॅक हायड्रॉलिक असेल तर तो उभा ठेवा, दांडा पूर्ण खाली आणि व्हॉल्व्ह बंद. आडवा ठेवला की तेल झिरपतं किंवा आत हवा शिरते, आणि नेमक्या वेळी दांडा वर येत नाही. इथल्या उन्हाळ्यात बंद गाडीत सील लवकर खराब होतात, तेव्हा ऑक्टोबरात एकदा उचलून बघावा. टोयोटाचा कंपनीचा जॅक स्क्रूचा असतो, त्याला ही भानगड नाही.

ज्यांच्या गाडीला लोखंडी बम्पर आहेत आणि हाय-लिफ्ट खरंच लागतो, त्यांच्यापुढे छत, बॉनेट आणि मागची बाजू असे पर्याय असतात. छत आम्हाला पटत नाही. गाडी आधीच उंच केलेली, त्यात १३ किलो सगळ्यात वर, बाजूच्या उतारावर ते जाणवतं. शिवाय तिरक्या उभ्या गाडीवरून तो खाली कोण काढणार? बॉनेटवर तो डोळ्यांसमोर येतो आणि दिवसभर उन्हात तापतो. आमच्या ग्रुपमधल्या पेट्रोलवाल्या मित्राने मागच्या लोखंडी बम्परवरच्या स्टेपनी-कॅरियरला ब्रॅकेटने बसवला आहे, ते सर्वांत बरं. पण स्टेपनी मागच्या दारावरच असेल तर बिजागऱ्या आधीच ३३ इंची चाकाने दमलेल्या असतात, त्यांच्यावर आणखी भार टाकू नका.

बाहेर ठेवलेल्या हाय-लिफ्टची खरी शत्रू म्हणजे बारीक वाळू. त्याच्या चढत्या यंत्रणेतल्या दोन पिना वाळूने अडकल्या की जॅक वर जातो आणि खाली येत नाही! ग्रीस लावू नका, वाळू त्याला चिकटते. यंत्रणेवर कापडी कव्हर घाला, ट्रिपनंतर धुवा आणि पातळ तेलाचा फवारा मारा. वापरताना हँडलच्या रेषेत डोकं आणू नका, हँडल सुटलं तर जबडा फोडतं. मुलांना लांब बसवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, कोणताही जॅक असो.

जॅकसोबत त्याच जागी आणखी तीन गोष्टी हव्यात: वाळूत जॅक रुतू नये म्हणून १८ मिमी प्लायवूडचा सुमारे ३० बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा, हातमोजे, आणि नवीन रिमच्या नटांना बसणारा पाना. हा शेवटचा विसरतोच. रिम बदलल्यावर नट वेगळे येतात, आणि लॉक-नट असेल तर त्याची किल्ली. आमची किल्ली घरी, चहाच्या कपाटातल्या डब्यात सापडली.

एक शनिवार काढून इमारतीच्या पार्किंगमध्ये रंगीत तालीम करा. आम्ही केली. वॉचमनला वाटलं खरंच पंक्चर झालंय, बिचारा मदतीला धावला. सौ.ने जॅक काढून चाक उचलेपर्यंत अकरा मिनिटं लागली, त्यातली सात नुसतं पॅनल उघडण्यात. तिचं म्हणणं, पॅनलचा स्क्रू एवढा कशाला आवळायचा? मग त्या स्क्रूला हाताने फिरवता येईल असा मोठा नॉब लावला. दुसऱ्यांदा चार मिनिटं.

आणि ब्रॅकेट किंवा पेटी नवीन बसवली असेल तर पहिल्या दोन ट्रिपांनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्या. वाडीतल्या खडबडीत रस्त्यावर ते हमखास सैल होतात, आमचे झाले होते.